चित्र पुढील पानावर पाहावे

१९६४ साली बोरीमाळ तालुक्यातील कपाशीवर बोंडअळीने कोणतीही पूर्वसूचना न देता हल्ला केला. पंचायत समितीच्या मासिक सभेने ही बाब गांभीर्याने घेतली. अळीचा एकमताने निषेध झाला आणि पुढल्या हंगामात तिचा बंदोबस्त करण्यासाठी एक माहितीपुस्तिका काढावी, असा ठराव झाला. पुस्तिका सोळा पानांची, म्हणजे छापखान्याच्या भाषेत एका फर्म्याची. एक मोठा कागद दोन्हीकडून छापायचा, घड्या घालून कापायचा, की सोळा पाने तयार. वरून साधे कोरे वेष्टन चढणार होते; त्याहून जास्त कागद मंजूर नव्हता.

लिहिण्याचे काम शेती विस्तार अधिकारी उत्तमसिंग राठोड याच्याकडे आले. उत्तमसिंग तांड्यावर वाढलेला, कपाशीत खेळलेला, स्वभावाने सरळ माणूस. त्याने जीव ओतून लिहिले. अळी अंडी कुठे घालते, बोंडात कधी शिरते, औषध कोणते, पाण्यात किती कालवायचे, सगळे त्यात होते. अळीच्या चित्राचा ठोकळा त्याने खास नागपूरहून करून आणला. पुस्तिका पोळ्याच्या आत गावोगाव पोचणे भाग होते. पोळ्यानंतर कपाशी बोंडे धरते, आणि अळी काही सभेची गणपूर्ती व्हायची वाट पाहत नाही.

या कामात त्याचा घरचाही जीव गुंतला होता. त्याचा सासरा सेवादास याची अर्धी कपाशी आदल्या साली अळीने पोखरली होती. तो तांड्यावरून मुद्दाम चालत आला.

"जवाईबापू, कोनती दवा मारू ते आत्ताच सांगून द्या ना."

"मामाजी, तोंडी सांगतलं तं इसरून जासान. पुस्तक येऊन राह्यलं. चित्रासंगट."

सेवादास म्हातारपणी साक्षरता वर्गात वाचायला शिकला होता आणि छापील अक्षरावर त्याचा जावयापेक्षाही जास्त भरवसा होता. "छापून येते म्हन्ता, तं थांबतो," असे म्हणून तो परत गेला.

बसस्टँडमागच्या छापखान्यात मोहिउद्दीनभाईंनी खिळे जुळवले, एकेक पान सुतळीने बांधले आणि मुद्रिते तपासायला दिली. ती पाहायला सभापती भगवानराव स्वतः आले. त्यांनी सोळाही पाने उलटली, पुन्हा उलटली आणि विचारले, "माहा संदेश कोठी हाये?"

"साहेब, हे अळीचं पुस्तक हाये," उत्तमसिंग म्हणाला.

"अळीचं हाये म्हनूनच तं म्हनतो. तिले समजलं पायजे ना, का आमी बसलो आहो!"

पहिले पान सभापतींना गेले, फोटोसह. मग उपसभापती सदाशिवराव मागे कसे राहणार? त्यांना दुसरे पान देऊ केले, पण ते डाव्या हाताला येते आणि डावीकडे कोणी पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांना तिसरे दिले. महिला सदस्या बेबीताईंनी पाचवे मागितले. होता होता उजव्या हाताची सगळी पाने संदेशांना गेली आणि अळीकडे डावी पाने उरली. नव्या मुद्रितात एका पानाअखेर मजकूर होता, "ही अळी बोंडाला भोक पाडून आत शिरते आणि", आणि समोरच्या पानावर सदाशिवराव हात जोडून सांगत होते, "या तालुक्याची मी गेली अनेक वर्षे सेवा करीत आहे."

उत्तमसिंग घाबरून गटविकास अधिकाऱ्यांकडे गेला. साहेबांनी दोन्ही पाने वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि तत्काळ लेखी आदेश काढला. "मजकूर व संदेश शेजारी आल्यास जनतेत गैरसमज संभवतो. सबब, संदेश पुढे घेऊन मजकूर अखेरीस एकत्र करावा. जागा अपुरी पडल्यास संदेश अबाधित ठेवून मजकूर आवश्यक तेवढा ठेवावा."

आवश्यक तेवढा म्हणजे किती, हे संदेशांवर अवलंबून होते. सहकारी संस्थेचे अध्यक्ष संदेशावाचून राहिले होते, बाजार समितीचेही राहिले होते. कळंबच्या चिंतामणीला नवस फेडायला गेलेले एक सदस्य परत आले आणि आपल्या माघारी संदेशांची पाने वाटली गेल्याचे कळताच तडक छापखान्यात येऊन बसले. मोहिउद्दीनभाई सुतळी सोडून मजकुराचे एकेक पान मोडत गेले. अंड्यांचे पान गेले, पतंगाचे गेले, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून जाळण्याचे गेले.

छापण्याआधी सपाट कागदावरचा नमुना दाखवला, तेव्हा नवीनच भानगड उभी राहिली. घडी घातल्यावर पाने सुलटी यावीत म्हणून कागदावर अर्धी पाने उलटी बसवावी लागतात. भगवानरावांनी स्वतःला डोके खाली, पाय वर असे पाहिले.

"मले उलटं काहून टांगलं?"

"साहब, घडी मारली का सीधे होता तुमी," मोहिउद्दीनभाईंनी घडी घालून दाखवली.

भगवानरावांची खात्री पटली, पण समाधान झाले नाही. "मंग सदाशिवराव घडी न मारता सीधे कसे?"

मोहिउद्दीनभाईंनी निमूटपणे कागद फिरवला. आता भगवानराव सुलटे झाले. दुपारी सदाशिवराव आले तेव्हा कागद पुन्हा फिरवण्यात आला. अशा रीतीने दोन्ही गटांचा सन्मान राखला गेला.

शेवटी मजकुराला दोन पाने उरली, पंधरावे आणि सोळावे. उत्तमसिंगने हिय्या केला. सगळी पुस्तिका बारीक टाइपात दाबून त्या दोन पानांत बसवली. पंधराव्यावर अळीची ओळख, सोळाव्यावर तिचे चित्र आणि औषध. बाकीचे काही का छापेनात, एवढे गेले तरी मामाजींची कपाशी वाचेल, असे त्याला वाटले आणि बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी गटविकास अधिकारी साहेबांनी त्याला बोलावले. "राठोड, एवढी मेहनत तुम्ही केलीत आणि तुमचंच नाव कुठे नाही? जिल्ह्याला पुस्तिका जाणार. काम कोणी केलं, हे वरिष्ठांना कळायला नको? संकलकाचं मनोगत टाका. फोटो आहे ना?"

फोटो होता. यवतमाळच्या स्टुडिओत, मित्राचा कोट घालून काढलेला.

उत्तमसिंगने छापखान्यात फोटोचा ठोकळा मोहिउद्दीनभाईंसमोर ठेवला. मोहिउद्दीनभाईंनी विचारले, "जागा एकच हाये राठोडसाहेब. अळी ठेवू का तुमाले ठेवू?"

आजवर या प्रश्नावर उत्तमसिंगने मनातल्या मनात साऱ्या तालुक्याला शिव्या घातल्या होत्या. आता त्याला प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागली. अळी काय, शेतात दिसतेच. तिचे चित्र कशाला? आणि औषध आपण फिरतीवर असतोच, तोंडी सांगू. मामाजींना तर घरीच सांगता येईल.

"अळी काढा," तो हळूच म्हणाला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी प्रकाशन झाले. व्यासपीठावर प्रत्येकाने प्रत हाती घेतली, एकदाच उघडली, एकच पान पाहिले आणि समाधानाने मिटली. एकही तक्रार आली नाही. पुढे दोन आठवडे उत्तमसिंगचे गावोगाव सत्कार झाले, आणि हारतुऱ्यांच्या गडबडीत तोंडी सांगायचे ते राहून गेले.

तांड्यावर सेवादासने पुस्तिका मोठ्याने वाचली. सगळा तांडा गोळा झाला होता. संदेश त्याने धीराने वाचले, कारण छापलेले होते. पंधराव्या पानावर सगळे पुढे सरकले. "ही आरंभी निरुपद्रवी दिसते. आत शिरल्यावर बाहेर येत नाही. बोंड वरून धडधाकट राहते, आतील सर्व ही खाते. चित्र पुढील पानावर पाहावे व दिसताच औषध मारावे."

सेवादासने पान उलटले. कोट घातलेला जावई हसत होता.

आपल्याच प्रतीत चूक झाली असे त्याला वाटले. त्याने शेजारच्या तांड्यावरून दुसरी प्रत आणली, घाटंजीच्या बाजारात तिसरी पाहिली. सगळीकडे जावईच निघाला. एवढे होईतो अळी बोंडांत शिरली होती. मग तो धोतराच्या ओटीत पोखरलेली बोंडे घेऊन उत्तमसिंगच्या दारात येऊन बसला.

"जवाईबापू, फोटू झकास आला. पन दिसला का दवा मारा म्हन्ते पुस्तक. आता सांगा, जवायावर दवा मी कशी मारू?"

तो चिडला नव्हता, खरोखरच विचारत होता. उत्तमसिंगने औषधाचे नाव सांगितले तेव्हा सेवादासने फक्त ओटी रिकामी केली. बोंडे वरून धडधाकट होती. म्हातारा गेल्यावर उत्तमसिंगला रडू आले. डोळे पुसून त्याने पुस्तिका हातात घेतली. ती आपोआप सोळाव्या पानावर उघडली.

तुम्ही हसलात, ठीकच आहे. आता उठा आणि तुमच्या कपाटात जपून ठेवलेली ती स्मरणिका, तो अहवाल, तो विशेषांक काढा. नुसता तळहातावर ठेवा. कोणत्या पानावर उघडतो, ते कोणाला सांगू नका.