शेवटच्या प्रकरणावरचा रुमाल

समाजसेवेतही जागा धरून ठेवावी लागते, हे एसटीनं हिंडणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. खिडकीतून रुमाल टाकला की आसन आपलं. मग सावकाश चहा पिऊन आत यावं. तोवर त्यावर बसणारा संस्कारहीन समजावा.

२००६ साली भोर तालुक्यात जपानी चित्रकथांचं फुकट मराठी भाषांतर करणारे दोन हौशी गट होते, आणि दोघांनीही हीच उदात्त पद्धत उचलली होती. दोघांच्या सामाईक संकेतस्थळावर ‘काम चालू आहे’ एवढं लिहिलं, की त्या प्रकरणाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. (काम चालू असलंच पाहिजे, असं नियमात कुठं नव्हतं.)

भोर गट म्हणजे फिजा. घाटाकडच्या हिर्डोशी गावचा गट म्हणजे राजनंदिनी. दोन्ही गटांचा कारभार भोरच्या एकाच सायबर कॅफेत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवरून चाले. कोपराला कोपर लागे. पण प्रतिस्पर्ध्याशी तोंडानं बोलणं शिष्टाचारात बसत नसल्यानं ‘आपला माउस आमच्या हद्दीत आला आहे’ हेसुद्धा संकेतस्थळावरूनच कळवलं जाई. आदरार्थी बहुवचनात.

होडीतून वाहवत गेलेल्या एका कोळ्याच्या पोरीची कथा फिजानं दोन वर्षं खपून मराठीत आणली. शेवटचं प्रकरण तेवढं उरलं, आणि त्यावर हिर्डोशीचा रुमाल पडला. आठ महिने झाले. फिजाचं भाषांतर तयार होतं. पण ते घरी वाचून दाखवणं म्हणजेसुद्धा दुसऱ्याच्या आसनावर बूड टेकणं.

अडचण फिजाच्या मावशीची, बद्रुन्निसाखालाची होती. तिला वाचता येत नसे. सगळी कथा तिनं फिजाच्या तोंडून ऐकलेली. आणि शुक्रवारी ती कायमची भिवंडीला, लेकाकडं निघाली होती.

“फिजे, ती पोर घरी पोचली का न्हाई, येवढं तरी सांग.”

“खाला, नियमात बसत न्हाई.”

“जळ्ळा तुजा नियम! भिवंडीत म्या कुणाला इचारू?”

गुरुवारी फिजा नियमभंग करायला, म्हणजे तोंडानं बोलायला, हिर्डोशीला गेली. राजनंदिनी भातलावणीत, गुडघाभर चिखलात उभी होती.

“शेवटचं प्रकरण सोडता का?”

“सोडायचं काय त्यात? तुमच्यासाठीच धरलंय की! तिसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून.” (तालुक्यात तिसरा गट नव्हता.)

“मग आठ महिने बोलला का न्हाई?”

“तुमी कुठं इचारलंत? न इचारता जागा द्यायची म्हंजे तुमचा अपमान न्हाई का?”

मग ‘तुमीच करा’, ‘छे, आता तुमीच’, हे दोन्ही बाजूंनी इतक्या सभ्यपणे चाललं, की परतीची एसटी निघून गेली.

शुक्रवारी सकाळी, पिशव्या बांधून बसलेल्या खालानं फिजाच्या तोंडून शेवट ऐकला, डोळे पुसले आणि भिवंडीची वाट धरली. हिर्डोशीचा रुमाल उठला आणि फिजाचं प्रकरण संकेतस्थळावरही चढलं. आठ महिने ताटकळलेल्या वाचकवर्गाची पहिली प्रतिक्रिया तासाभरात आली: अक्षर जरा मोठं हवं होतं.

तर वाचकहो, ती पोर घरी पोचली का, हे तुम्ही मघापासून मनात विचारताय. पोचली. वरंधा घाटाच्या वाटेवर, भर पावसात, एसटी चुकलेली फिजा घरी कशी पोचली, हे मात्र तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.