बॉडी काय, बदलता येते

गौतम माझ्याशी बोलतो तेव्हा त्याच्या दातांत दोरी असते. दोरीचं दुसरं टोक एका पुठ्ठ्याला बांधलेलं. पुठ्ठा कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा, मधोमध ब्लेडने कापलेली चौकोनी खिडकी. दोरीला गाठी मारलेल्या. एकेक गाठ दातांत धरून तो पुठ्ठा डोळ्यांसमोर ताणतो, एक डोळा मिटतो आणि माझ्याकडे बघत राहतो. जवळच्या गाठीला म्हणे मी, माझं खळं म्हणजे अंगण आणि मागचा फणस दिसतो. मधल्या गाठीला मी आणि खळं. शेवटच्या गाठीला नुसती मी. ह्या झाल्या लेन्स. कॅमेरा घ्यायच्या आधी आपल्याला कुठली लागते ते माणसाने ठरवायला हवं, असं त्याचं म्हणणं.

कॅमेरा त्याच्याकडे नाही.

गौतम माझा शेजारी. रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजूला आमची वाडी आहे. मुंबईच्या एका कचेरीत त्याने जन्मभर नोकरी केली, बायको तिकडेच वारली, रिटायर झाल्यावर गावी आला. मुलगा संदेश कल्याणला नोकरीला. गावी आलेली माणसं आंब्याची कलमं लावतात, कोंबड्या पाळतात. हा कॅमेरा निवडायला बसला. बसला तो उठलाच नाही.

मी एकदा म्हटलं, "अरे, तुझ्या फोनात कॅमेरा हाय की."

"फोन सगळ्यांना गोरा करतो गो काकी. मला तू काळी हायस तशीच हवी."

"तुझा बाप मोठा गोरा होता," मी म्हटलं. तो रागावत नाही. कॅमेऱ्याचं बोलणं चालू राहिलं म्हणजे झालं.

त्या बोलण्यातलं मला थोडं पाठ झालंय. चार यत्ता शिकले तेव्हाही काही मी समजून पाठ करत नव्हते. कॅमेऱ्याचं धड म्हणजे बॉडी. तिला पुढून डोळा लावायचा ती लेन्स. "बॉडी काय, बदलता येते," गौतम सांगतो, "लेन्स जन्माची. घाई नको." हे तो मला सांगतो, भाजीवालीला सांगतो, आणि माझ्या गाईला सांगतानाही मी ऐकलंय.

फोटोचं झालं की व्हिडिओ. व्हिडिओला म्हणे चालताना हात हलता कामा नये. त्यासाठी हा पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या पुढे धरून, गुडघे वाकवून, बदकासारखा आमच्या पाणंदीतून जायचा. नव्याने आलेल्या एका सुनेने सासूला हळूच विचारलं, ह्यांना घाईची लागलीय काय. एक दिवस कुत्रं पायात आलं. तांब्या एकीकडे, गौतम दुसरीकडे. मी तांब्या उचलून दिला. तो उठायच्या आधी म्हणाला, "बॉडीतच चित्र स्थिर करायची सोय असलेली बघायला पायजे."

रत्नागिरीत कॅमेऱ्याचं एक दुकान आहे. गौतम महिन्यातून एकदा एसटीने तिकडे जातो. पहिल्या वेळी दुकानदाराने त्याच्यासाठी चहा मागवला. आता तो गौतमला लांबून बघून जेवायला निघतो. मग गौतम बाहेर बाकावर बसतो. त्याला घाई नसते.

घरात सगळी तयारी आहे. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणलाय. आत मऊ कापड. काच पुसायचा ब्रश. गळ्यात अडकवायचा पट्टा. पाळणा सजवून ठेवलाय आणि लग्न कुणाशी करायचं ते ठरायचंय, असा सगळा कारभार.

एका रविवारी मी तिसऱ्या शिंपल्यांचं कालवण द्यायला गेले. गौतम पडवीत फोनवर बोलत होता. हसत होता. पलीकडे संदेश होता.

ह्या बापलेकांचा रविवारचा फोन मला पूर्वी तोंडपाठ होता. कुंपणापलीकडून ऐकू यायचा. "जेवलास?" "तुम्ही?" "बरं हाय ना?" "ठेवू?" की संपला. त्या दिवशी मी वाटी धरून उभी राहिले, कालवण निवलं, तरी ह्यांची लेन्स संपेना. "आबा, तुम्ही चुकताय," संदेश पलीकडून ओरडत होता. "तुझा आजा चुकला," हा इकडून ओरडत होता.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "एवढं सगळं कळतं तर घेऊन का टाकत नायस?"

त्याने वाटी घेतली. झाकण उघडून वास घेतला.

"घेतल्यावर पोरगा फोन कशाला करील गो?" म्हणाला.

मी वाटी घासून परत आण म्हटलं आणि घरी आले.

बुद्धपौर्णिमेला मुंबईची माणसं वाडीत आली. संदेशही आला. संध्याकाळी आम्ही सगळे गौतमच्या खळ्यात बसलेले, तेव्हा संदेशने पिशवीतून खोका काढला आणि बापाच्या मांडीवर ठेवला. कॅमेरा. पुढे लेन्स लावलेली. "घ्या आबा. आता विचार नको, फोटो काढा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौतमने कॅमेरा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "चांगला हाय," म्हणाला. एवढंच. त्याचा चेहरा मी शेवटच्या गाठीइतक्या जवळून बघत होते. आता रविवारचा फोन गेला, मी मनात म्हटलं.

"काढ माझा फोटो," मी म्हटलं. "जवळ येऊन काढ."

तो आला. सवयीने दोरी धरायला हात तोंडाशी गेला, मग खाली आला. खटकन आवाज झाला. मागच्या काचेवर मी दिसले.

"हे काय?" मी म्हटलं. "नाक बघ माझं. हा फणस पण एवढा नाय. ही लेन्स काय बरोबर नाय."

संदेश वैतागला. "आजी, तुला लेन्समधलं काय कळतंय?"

"लेन्समधलं नाय कळत. नाक माझं हाय."

गौतम माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने काचेकडे बघितलं.

"बरोबर बोलतेय काकी," तो सावकाश म्हणाला. "माणसांना ही चालायची नाय. लांबची लागंल."

"लांबची म्हणजे किती?" संदेश त्याच्या बाजूला टेकला. "आबा, ह्या बॉडीवर पन्नास एमएमची पण पुरेल."

"पन्नास? तुला कुणी सांगितलं?"

लोक जेवायला उठले. हे दोघे उठले नाहीत.

संदेश कामावर परत गेला. पुढच्या रविवारी मी भांडी घेऊन कुंपणाकडेच घासायला बसले. पलीकडे फोन वाजला.

"घाई नको," गौतम सांगत होता. "बॉडी काय, बदलता येते."

भांडी घासून झाली, तरी त्यांचं चालूच होतं. मी कढई पुन्हा घासायला घेतली.