टोकेरावांची बांधलेली चोच

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही मिळायचं. सावली मिळायची, पाणी मिळायचं, शेजाऱ्याच्या घरातल्या भानगडीसुद्धा घरपोच मिळायच्या. फक्त काम तेवढं थेट मिळायचं नाही. काम हवं असेल तर सरड्याकडे जावं लागायचं.

(मागच्या रांगेतली टक्कल पडलेली मुलं हसतायत. त्यांनी आधी नीट ऐकून घ्यावं.)

त्या जंगलात टोकेराव नावाचे एक सुतारपक्षी राहत. पूर्वी ते माकडांच्या कंपनीत नोकरीला होते. महिन्याला पोटापुरत्या अळ्या आणि दिवाळीला एक केळं. केळं सुतारपक्षी खात नाही, हे माकडांना कोण सांगणार? एक दिवस टोकेरावांनी केळं परत केलं आणि जाहीर केलं, "आजपासून मी स्वतंत्र!"

ते इतके स्वतंत्र झाले, की कुणी त्यांना विचारेचना.

घरात नुकतीच अंड्यांतून निघालेली तीन पिल्लं होती. तीन पिल्लांच्या तीन चोची, आणि तिन्ही कायम उघड्या. टोकेरावांची बायको द्वारकाबाई रोज त्या चोचींकडे बघायच्या आणि मग टोकेरावांकडे बघायच्या. बोलायच्या नाहीत. सुज्ञ नवऱ्याला तेवढं पुरतं.

अखेर रंगनाथ सरडा फांदीवर आला.

"टोकेसाहेब, तुमची चोच म्हणजे काय! दिवाभीतशेठना ढोली करून हवीय. मी लगेच तुमचंच नाव पुढे केलं."

दिवाभीतशेठ म्हणजे जंगलातलं सगळ्यात श्रीमंत घुबड. नदीकाठचा अख्खा किडलेला आंबा त्यांच्या मालकीचा. किडलेला म्हणजे अळ्यांनी गच्च भरलेला.

"विचार करून सांगतो," टोकेराव म्हणाले आणि आत गेले.

द्वारकाबाईंनी दारातच गाठलं. "अहो, दर आधी आपण सांगायचा नाही. ज्याने आधी चोच उघडली, तो बुडाला. काय?"

"मी काय कालचं पिल्लू आहे?" असं म्हणून टोकेराव बाहेर आले आणि गप्प बसले.

रंगनाथही गप्प बसला. त्याचं तर आयुष्यच उन्हात गप्प बसण्यात गेलं होतं.

थोडा वेळ गेला. टोकेरावांना घाम फुटला. आणि सुतारपक्ष्याला घाम फुटला की काय होतं? त्याची चोच आपोआप खोडावर आपटायला लागते. टक, टक, टक, टक...

रंगनाथ मान डोलवत मोजत राहिला.

"बारा! रोजच्या बारा अळ्या! वा, साहेब, स्पष्ट बोललात. तो तांबट पक्षी दहाला तयार होता, पण जाऊ द्या, तुमच्यासाठी भांडेन मी. ठरलं!"

"अहो, पण मी बोललोच नाही—"

"तोच तर तुमचा खानदानीपणा!" असं म्हणत रंगनाथ सळसळत निघून गेला.

काम सुरू झालं. अट अशी, की कामावर असताना झाडावरचं काही खायचं नाही. म्हणजे टोकेराव दिवसभर आंबा टोचणार, त्यातून भराभर अळ्या निघणार, त्या सगळ्या शेठच्या. शेठ त्यातल्या काही रंगनाथला देणार आणि रंगनाथ त्यातल्या बारा टोकेरावांना. स्वतःच काढलेल्या अळ्या दोन घरं फिरून आल्यावर टोकेराव दोघांनाही नमस्कार करायचे.

बारा अळ्यांत तीन चोची भरेनात. धाकटं पिल्लू रात्री झोपेत सालपटं चघळू लागलं.

अशात एका दुपारी दिवाभीतशेठ झोपेतून खडबडून उठले. डोळे लाल, पिसं विस्कटलेली.

"अरे टकटक्या! चाळीस अळ्या मोजतो मी तुझ्या रोजच्या! चाळीस! आणि वर माझीच झोपमोड?"

टोकेरावांची चोच खोडातच अडकली.

संध्याकाळी त्यांनी रंगनाथला गाठलं. रंगनाथ आधी हिरवा झाला, मग पिवळा, मग मातकट.

"चाळीस? हो, असतील. पण माझा खर्च बघा की, साहेब! कुंपणापर्यंत पळावं लागतं. तिथून परत यावं लागतं. शिवाय रंग! रंग काय फुकट बदलतो का मी?"

तेवढ्यात शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. जावयासाठी दुसरी ढोली हवी झाली. रंगनाथ नवी बोलणी करायला येणार, हे कळताच द्वारकाबाईंनी गुळवेलीची एक लांब वेल तोडून आणली.

"इकडे या."

"अगं, काय करतेस?"

पुढचं टोकेरावांना बोलता आलं नाही. द्वारकाबाईंनी त्यांची चोच घट्ट बांधली, वेलीचं दुसरं टोक फांदीला बांधलं, म्हणजे मानही हलायला नको. "आता टकटक करून दाखवा," असं म्हणून त्या पाणी प्यायला ओढ्यावर गेल्या.

रंगनाथ आला. "काय साहेब, तेच बारा ना?"

टोकेराव गप्प.

"बरं, पंधरा. बजेट नाहीये हो. पंधरा?"

टोकेराव गप्प.

"वीस!"

वीस! टोकेरावांचं काळीज टुणकन उडालं. वीस अळ्यांत तिन्ही चोची भरल्या असत्या. त्यांना जिवाच्या आकांताने 'हो' म्हणायचं होतं. चोच उघडेना, मान हलेना. त्यांचे डोळे खोबणीतून बाहेर आले आणि घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बाप रे, भलतेच भडकलात!" रंगनाथ चार रंग एकदम बदलून म्हणाला. "पंचवीस! असं बघू नका हो. तीस! पस्तीस घ्या, पण डोळे मिटा! पाच तरी मला राहू द्या, मलाही बायकापोरं आहेत!"

आणि तो पळाला.

द्वारकाबाईंनी ओढ्यावरून सगळं ऐकलं होतं. त्या धावत आल्या, कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं आणि गाठ सोडली.

"अगं, मी तर विसालाच तयार होतो!" टोकेराव सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असे ओरडले.

आता सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. द्वारकाबाईंनाही ठाऊक होतं. आनंदाच्या भरात त्या विसरल्या. आणि कुंपण तर समोरच होतं.

कुंपणावरून आवाज आला, "विसाला ठरलं, साहेब!"

द्वारकाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी वेल गुंडाळून पंखाखाली घेतली. तिन्हीसांजेला, सरडे निजतात आणि घुबडं उठतात त्या वेळी, त्या स्वतःच दिवाभीतशेठकडे गेल्या.

"शेठ, पहाटे तुम्ही शिकारीवर असताना आमचे हे काम करतील. तुम्ही परतलात की टकटक बंद. चाळीस अळ्या, माझ्या हातात."

झोप मिळणार म्हटल्यावर शेठनी लगेच मान डोलावली. ती पूर्ण गोल फिरवून डोलावली, म्हणजे पक्कंच.

पहिल्या दिवसाचं काम संपलं. टोकेराव ऐटीत घरी आले.

"किती मिळाल्या गं?"

"तुम्हाला बारा."

"आणि बाकीच्या?"

"पिल्लांच्या, माझ्या, आणि बोलणी केल्याच्या." द्वारकाबाईंनी शांतपणे वेलीकडे पंख नेला. "आणखी काही विचारायचंय?"

टोकेरावांनी आपली चोच आपणच मिटली.

आता पिल्लं इतकी गुबगुबीत झाली आहेत, की ढोलीच्या दारात अडकतात. रंगनाथ द्वारकाबाईंच्याच हाताखाली कुंपणापर्यंतचे निरोप पोचवतो. रोजच्या दोन अळ्यांवर. दर ठरवताना द्वारकाबाई नुसत्या गप्प बसल्या होत्या. आधी तोच बोलला.

तात्पर्य: मध्यस्थाला चार हात दूर ठेवावं, असं थोर लोक सांगतात. ते चूक आहे. मध्यस्थ घरातच असावा. कापायच्या त्या अळ्या तो कापतोच. पण निदान जाड होतात ती पिल्लं आपली असतात.