हँडलला लटकलेला तांब्या

"पाणी सायकलवर कुठे ठेवायचं, एवढाच ना प्रश्न? चुटकीसरशी सोडवतो!" नौपाड्यातल्या घराच्या ओसरीवर उभं राहून मधु करंदीकरने जाहीर केलं, तेव्हाच त्याच्या बायकोने, मंदाकिनीने, मनातल्या मनात देवाला हात जोडले. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवऱ्याने चुटकी वाजवली की पुढे काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं!

सन त्रेपन्नचा मे महिना. कल्याणला स्वच्छता निरीक्षकाची एक जागा निघाली होती. पुढे रोज खेडोपाडी सायकल हाणायची, म्हणून मुलाखतीलाही सायकलवरूनच यायचं, अशी अट होती. मधुचं वय पुढच्या महिन्यात मर्यादेबाहेर जाणार होतं. याआधी तीन ठिकाणांहून तो हात हलवत परत आलेला. ही शेवटची संधी! हुकली, तर जन्मभर मामांच्या दुकानात कापड मोजत बसायचं, आणि मामांनी बाजूला बसून त्याची अक्कल मोजायची!

त्यात गेल्याच वर्षी तो विषमज्वरातून जेमतेम वाचला होता. डॉक्टरांनी दम भरला होता, "बाहेरच्या पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही! पुन्हा ताप आला तर मी जबाबदार नाही!" ठाण्याहून मुंब्रा, शीळफाटा करत कल्याण म्हणजे पंधरा मैलांचं ऊन. पाणी न्यायला तर हवंच.

आदल्या दिवशी प्रयोग झाले. बाटली पिशवीत घालून हँडलला अडकवली, तर दर पायडलला गुडघ्यावर ठण्ण! कॅरिअरला सुतळीने बांधली, तर टेंभी नाक्यावरच्या खड्ड्यात ती निसटून फुटली, आणि मागून येणाऱ्या टांगेवाल्याने मधुच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसरी बाटली खिशात घातली, तर बूच उडालं आणि स्वारी कमरेखाली ओलीचिंब होऊन घरी आली.

"बाटल्या कसल्या घेऊन बसलास!" वडील, म्हणजे अण्णा, वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले. "आमचे आजोबा काशीला चालत गेले ते तांब्या घेऊन! फडकं बांध, दोरी लाव, दे हँडलला लटकवून!"

झालं, ठरलं! तांब्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी मधु मागच्या दारी चाकात हवा भरत होता. घामाघूम झाला होता. आठ वाजत आले होते! स्वयंपाकघरातून मंदाकिनी ओरडली, "अहो, तांब्या भरून ठेवलाय! आठवणीने न्या!"

पायरीवर पितळी तांब्या होताच, काठोकाठ भरलेला. मधुने त्यावर रुमाल बांधला, दोरी लावली आणि टांग मारली.

खाडीचा पूल ओलांडला, तोच एक कोळीण टोपली सावरत ओरडली, "अरं दादा, इतके लांब कशाला चाललास? ह्यो जवल खाजन हाय ना!"

मधुला काही कळेना. खाजणात, त्या खाडीकाठच्या दलदलीत जाऊन करायचं काय? मुंब्र्याला दोन म्हातारे लगबगीने बाजूला झाले. एकाने दुसऱ्याला ओढलं आणि म्हणाला, "सरक, सरक! जाऊ दे त्याला! अडवू नकोस!"

तेव्हा कुठे मधुच्या डोक्यात प्रकाश पडला! सकाळची वेळ, हाताशी तांब्या आणि चेहऱ्यावर घोर चिंता! अशा माणसाला कुठे जायचं असतं, हे शेंबडं पोरही सांगेल! मधुचे कान तापले. लाजून तो जोरात सायकल हाणायला लागला, आणि जितकी जोरात हाणली तितकी लोकांची खात्रीच पटत गेली! बैलगाड्यासुद्धा वाट द्यायला लागल्या. त्यात तांब्या हिंदकळून पाटलोणीवर पाणी सांडलं, तेही नेमकं नको तिथे. मुलाखतीपर्यंत वाळेल ना हे? नाही वाळलं तर?

शीळफाट्याला घसा अगदी कोरडा पडला. पण रस्त्यावर प्यायची सोय राहिली नव्हती. चारी बाजूंना माणसं, आणि सगळी सहानुभूतीने बघत होती! मधु तांब्या घेऊन करवंदीच्या जाळीमागे गेला.

"ए! बाहेर या आधी!"

मधु दचकून बाहेर आला. समोर सायकलवर पाय टेकून एक गृहस्थ उभे. डोक्यावर सोला हॅट, ओठावर पांढऱ्या मिशा आणि डोळ्यांत अंगार!

"रस्त्याच्या कडेला? सुशिक्षित दिसता! लाज नाही वाटत?"

"अहो, मी पाणी प्यायला आलोय!"

"जाळीमागे?"

"लोक बघतात म्हणून!"

"लोक बघतात म्हणूनच सगळे जाळीमागे जातात!"

आता पुरावा दिल्याशिवाय इलाज नव्हता. मधुने रुमाल सोडला, तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा तांब्या घटाघटा रिकामा केला.

गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्याच तांब्यातून! शिव शिव शिव!" म्हणत त्यांनी सायकल वळवली आणि कल्याणच्या दिशेने धूम ठोकली. जाऊ दे, पुन्हा कशाला भेटतोय हा, असं म्हणत मधुही निघाला.

अकरा वाजता तो मुलाखतीच्या खोलीत शिरला. टेबलापलीकडे त्याच पांढऱ्या मिशा!

"या," साहेब थंडपणे म्हणाले. "पोट कसं आहे आता?"

संपलं! मधुला मामांचं दुकान दिसायला लागलं. आता गमवायला काही उरलंच नव्हतं, तेव्हा त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं. ताप, डॉक्टर, फुटलेली बाटली, उडालेलं बूच, टांगेवाला! "साहेब, देवाशपथ सांगतो, बायकोने वीस मिनिटं उकळलेलं पाणी आहे हो ते!"

साहेबांनी टेबलावरची उमेदवारांची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, "आज सात उमेदवार आले. पटकीच्या साथीचे दिवस, पण कोणी वाटेतल्या विहिरीचं पाणी प्यालंय, कोणी चक्क नदीचं! उकळलेलं पाणी बरोबर आणणारे तुम्ही एकटेच. स्वच्छता म्हणतात ती हीच. जागा तुमची!"

मधुला आनंदाने काय करावं सुचेना. बाहेर येऊन त्याने साहेबांच्या देखत उरलेला तांब्या शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन दाखवला. साहेबांनी मान डोलावली.

संध्याकाळी घरी पोचताच तो मागच्या दारातूनच ओरडला, "मंदा, मिळाली! नोकरी मिळाली! तुझ्या पाण्याने मिळाली!"

मंदाकिनी साखरेची वाटी घेऊन धावत आली आणि हँडलकडे बघून थबकली.

"अहो, पण तुमचं पाणी तर ओट्यावरच राहिलं! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

"मग हा तांब्या?"

उत्तर आतून आलं. अण्णा तणतणत होते, "सापडला का गं तो चोर? परसाकडे जायचा तांब्या, पायरीवर भरून ठेवला, पेपर घेऊन येईतो गायब! असला तांब्या चोरून कोणी करायचं तरी काय?"

नव्या स्वच्छता निरीक्षकांनी तांब्या अलगद पायरीवर ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मंदा, डॉक्टर असतील का गं आत्ता दवाखान्यात?"