साडेतीन फुटांची शहरफेरी

"या शहराची एकेक गल्ली माझ्या खिशात आहे!" असं होकायंत्रराव छाती पुढे काढून म्हणाले, तेव्हा त्यांच्या खिशात प्रत्यक्षात एक रुमाल, खोकल्याच्या दोन गोळ्या आणि घराची किल्ली एवढाच ऐवज होता.

होकायंत्रराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती ऑफिसची देणगी. भूमापन कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये ते गेली एकवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून होते. कुणी येऊन विचारलं, "अमका प्लॉट कुठे येतो हो?" की हे मान वर न करता नुसत्या हनुवटीनं दिशा दाखवायचे. "चौथा रॅक, वरून दुसरा खण, शीट नंबर नऊ!" शहर त्यांना असं तोंडपाठ होतं. रॅकनिहाय! प्रत्यक्ष शहराशी त्यांचा संबंध घर ते बसस्टॉप आणि बसस्टॉप ते ऑफिस एवढाच. तोही बसमध्ये डुलकी लागली नाही तर.

ही बढाई नेमकी ऐकली ग्रंथपालबाईंनी. त्या वाचनालयाच्या जागेच्या नकाशाची नक्कल घ्यायला आल्या होत्या. वाचनालयाचे हिवाळी कार्यक्रम चालू होते. येत्या रविवारी स्थलांतरित पक्ष्यांवर बोलणारे गृहस्थ सर्दीनं असे काही बसले होते, की त्यांच्या घशातून पक्ष्याचा आवाजसुद्धा निघत नव्हता.

"मग तुम्हीच या ना! लोकांना शहर दाखवा!" बाई म्हणाल्या.

नाही म्हणायला थोडी अक्कल लागते. होकायंत्ररावांनी ती त्या दिवशी घरी ठेवली असावी. संध्याकाळपर्यंत वाचनालयाच्या फळ्यावर झळकलं, 'धुक्यातलं शहर, एका जाणकारासोबत. रविवार, सकाळी सात.'

घरी बातमी सांगितली, तेव्हा बायको स्वेटर विणत होती. तिच्या सुया थांबल्या.

"तुम्ही? शहर दाखवणार?"

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"कुठे हसतेय! मागच्या महिन्यात चष्म्याच्या दुकानात पाठवलं होतं तुम्हाला. येताना चप्पल शिवून आणलीत."

"दुकान सापडलं नाही, म्हणून वेळ सत्कारणी लावला!"

"बरं. मीही येते रविवारी."

"शहर बघायला?"

"तुम्हाला परत आणायला."

रविवार उजाडला. म्हणजे उजाडला असावा, दिसत काहीच नव्हतं. फळ्यावर 'धुक्यातलं' हा शब्द बाईंनी नुसता शोभेसाठी लिहिला होता, पण हवामानानं तो फारच मनावर घेतला होता. आपलाच हात लांब केला, तर तो शेजारच्याचा वाटावा असं धुकं! वाचनालयाच्या दारात एकतीस माणसं कानटोप्या, मफलर आणि शालींत गुंडाळून उभी होती. कोण बाई, कोण बुवा, काही कळत नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडातून वाफा तेवढ्या निघत होत्या. सगळ्यांत पुढे तपकिरी शाल पांघरलेल्या एक बाई वही-पेन घेऊन सज्ज होत्या. त्या वकील होत्या. रविवारीसुद्धा.

ग्रंथपालबाईंनी होकायंत्ररावांच्या हातात वाचनालयाचा कर्णा दिला. बॅटरीवर चालणारा. एरवी 'शांतता राखा' असं ओरडायला वापरायचा.

"पहिल्या गल्लीत डावीकडे!" कर्णा गरजला आणि लटांबर निघालं.

धुक्यात पहिल्या गल्लीचं तोंड काही दिसलं नाही. दिसली ती दुसरी. होकायंत्रराव रुबाबात तिच्यात वळले.

"अहो," बायकोनं बाही ओढली, "एक गल्ली मागे राहिली."

"नकाशात ही पहिलीच आहे."

"नकाशात असेल. पण मघाशी डावीकडून पावाचा वास आला ना? बेकरी पहिल्या गल्लीत आहे!"

"सरकारी नकाशात वासाची नोंद नसते!" त्यांनी तिला एका वाक्यात गप्प केलं. बायको गप्प बसली. ती अशी गप्प बसली, की जाणत्या माणसानं तिथूनच माघारी फिरावं.

मग सुरू झालं शहरदर्शन. "हा प्लॉट दोनशे सात! पूर्वेला रस्ता, दक्षिणेला प्लॉट दोनशे सहा! हा दोनशे आठ! पूर्वेला रस्ता, दक्षिणेला..." लोक धुक्यात डोळे ताणून बघत होते. दिसत होती फक्त फाटकं. तीही अर्धीच.

"इथं कुणी मोठा माणूस राहून गेला का हो?" एकानं आशेनं विचारलं.

"तशी नोंद नाही."

"निदान भूत?"

"तो विषय आमच्या खात्यात येत नाही."

दोनशे दहा येईपर्यंत सहा जण चहाच्या टपरीकडे सटकले. उरलेल्यांपैकी दोघं उभ्या उभ्या डुलत होते. ग्रंथपालबाई कानाशी येऊन कुजबुजल्या, "अहो, काहीतरी रंजक सांगा ना! हे काय, प्रेक्षकांचीही मोजणीच करताय?"

होकायंत्ररावांनी कर्णा घट्ट धरला. उद्या सगळ्या गावात नाचक्की! बायको तर वर्षभर पुरवून पुरवून वापरेल! आणि त्या घाईत त्यांनी पोतडीतला एकुलता एक दारूगोळा बाहेर काढला.

"मंडळी!" कर्णा कडाडला. "आता या शहराचं एक गुपित सांगतो! ही समोरची कुंपणाची भिंत बघा! प्लॉट दोनशे बारा! ही भिंत शेजाऱ्याच्या जागेत साडेतीन फूट घुसलेली आहे! तीस वर्षं झाली! आणि बिचाऱ्या शेजाऱ्याला पत्ताच नाही!"

डुलणारे दोघं खडबडून जागे झाले. टपरीवरचे सहा जण कप हातात घेऊनच धावत आले.

"हे सरकारी रेकॉर्डवर आहे?" वकीलबाईंनी पेन सरसावलं.

"शीट नंबर नऊ! या डोळ्यांनी पाहिलंय!"

"कुणाच्या जागेत घुसलीय म्हणालात?" हा आवाज गर्दीतून आला नव्हता. तो भिंतीतून आला होता!

लोक दोन पावलं मागे सरले. भुताची चौकशी करणारा चार पावलं सरला. धुकं जरा हललं तसा उलगडा झाला. भिंतीच्या अलीकडे एक दंतवैद्य, पलीकडे एक निवृत्त पोस्टमास्तर, आणि मधे भिंतीच्या माथ्यावर बुद्धिबळाचा पट. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी दोघांचा डाव असा भिंतीवरच रंगायचा. पोस्टमास्तरांच्या हातात उचललेला घोडा तसाच अधांतरी राहिला होता.

"डॉक्टर," ते सावकाश म्हणाले, "ही भिंत तुम्ही बांधलीत ना?"

"छे हो! कोण कुठले लोक, तुम्ही त्यांचं काय ऐकताय? शह आहे तुम्हाला. खेळा."

"भिंत माझ्या जागेत म्हणजे पट माझ्या जागेत. थांबा जरा. भिंतीला लागून ते तुमचं लिंबाचं झाड... ते साडेतीन फुटांच्या आतच येतं की!"

"मग?"

"मग? बावीस वर्षं तुम्ही मला माझीच लिंबं भेट देत आलात? आणि मी येडा दर वेळी 'आभारी आहे, आभारी आहे' करत आलो?"

"लिंबांचा हिशेब काढताय? मी तुमची अक्कलदाढ किती मायेनं काढली होती! ती परत बसवून देऊ का?"

"अक्कल असती तर तुमच्याकडे आलो असतो का!"

झालं! बघता बघता शहरफेरीत दोन पक्ष पडले. अर्धे लोक दंतवैद्यांच्या फाटकात, अर्धे पोस्टमास्तरांच्या. गुंडाळलेल्या मफलरमधून गळे बाहेर आले. ग्रंथपालबाईंना तर भरून आलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी घरी जायचं नाव काढत नाहीये हो!"

"मोजूनच टाका ना!" कुणीतरी ओरडलं. फेरीत एक सुतार होता. कमरेचा टेप त्यानं तलवारीसारखा उपसला. "बोला साहेब, कुठून धरू?"

होकायंत्ररावांना एव्हाना घाम फुटायला हवा होता. पण माणूस सुखात होता. एकवीस वर्षांत इतक्या लोकांनी त्यांना एकदम साहेब म्हणून बघितलं नव्हतं.

"कुठूनही धरून चालत नाही!" ते कर्ण्यातून म्हणाले. "हद्दीच्या दगडापासून मोजावं लागतं!"

"दगड कुठाय?"

"कोपऱ्यात! जमिनीत! हातभर खोल!"

पोस्टमास्तर क्षणात कुदळ घेऊन हजर! कोपरा दंतवैद्यांच्या शेवंतीच्या वाफ्यात येत होता. त्यांनी एकदा शेवंतीकडे बघितलं, एकदा गर्दीकडे बघितलं, आणि इज्जतीचा सवाल म्हणून डोळे मिटले. "खणा! होऊन जाऊ दे!"

पाच-सात घाव बसले आणि आवाज आला. ठण्ण!

"दगड!" पंचवीस-तीस घशांतून एकच आरोळी उठली.

"अहो, दगड ठण्ण वाजत नाही," बायको मागून म्हणाली. पण तिची नोंदसुद्धा सरकारी नकाशात नव्हती. होकायंत्रराव दगडाची अधिकृत ओळख पटवायला वाफ्यावर ओणवे झाले आणि उत्साहाच्या भरात पोस्टमास्तरांनी आणखी एक घाव घातला.

तो दगड नव्हता. ती पाण्याची लाईन होती.

हिवाळ्यातलं, रात्रभर जमिनीखाली गारठलेलं पाणी लिंबाच्या शेंड्यापर्यंत उसळलं. वाटेत होकायंत्ररावांचा चेहरा होता. त्यांनी जी किंकाळी फोडली, ती हातातल्या कर्ण्यानं इमानेइतबारे चार गल्ल्या पलीकडे पोचवली. लोकरीचे कपडे घातलेली एकतीस माणसं एका दमात ओली झाली. लोकर ओली झाली की काय वास येतो, हे त्या सकाळी त्या गल्लीला कळलं. पटावरचा वजीर वाहून गटारात गेला. काळ्याचा की पांढऱ्याचा, यावर ते दोघं अजून भांडतात.

आणि मग, इतका वेळ लपून बसलेला सूर्य मजा बघायला बाहेर आला. धुकं विरळ झालं. समोरच्या खांबावर एक निळी पाटी होती. सगळ्यांनी ती एकदमच वाचली, पण मोठ्यानं वाचायचा मान बायकोनं घेतला.

"गल्ली क्रमांक दोन."

मग तिनं फाटकावरचा आकडाही वाचला. "दोनशे बत्तीस."



"म्हणजे," सुतारानं टेप गुंडाळत विचारलं, "साडेतीन फूट घुसलेली भिंत ही नव्हेच?"

होकायंत्ररावांच्या दाताला दात लागत नव्हते. "द-द-दोनशे बारा प-पहिल्या गल्लीत. न-नकाशात बेकरीच्या समोर."

"बेकरीच्या समोर?" बायको विचारात पडली. पाव आणायला ती तिथं रोज जायची. "पिवळं फाटक? अगंबाई! ते तर तुमच्या साहेबांचं घर!"

वकीलबाईंनी वहीतलं पाणी झटकलं आणि वही हळूच मिटली.

"आणि त्यांच्या शेजारचं," त्या म्हणाल्या, "माझं."

पुढची मिरवणूक होकायंत्ररावांनी नेली नाही, ती त्यांना नेत होती. पुढे वकीलबाई, मागे निथळणारी तीस माणसं, आणि मधे हे! साहेब अंगणात स्वेटर घालून दात घासत उभे होते. वकीलबाईंनी सगळं प्रकरण एका दमात, कलमवार ऐकवलं. साहेबांनी तोंडातला ब्रश काढला. त्यांनी भिंतीकडे बघितलं, वकीलबाईंकडे बघितलं आणि शेवटी आपल्या कर्मचाऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही इतके ओले का?"

"पाण्याची लाईन फुटली, सर."

"कुठे?"

"चुकीच्या गल्लीत, सर."

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये शीट नंबर नऊ पसरली गेली. एका बाजूला वकीलबाई, दुसऱ्या बाजूला साहेब, आणि होकायंत्रराव दाराशी शिंका आवरत. दोनशे बाराची भिंत नकाशात खरोखरच वाकडी होती. होकायंत्ररावांचा जीव भांड्यात पडला. नोकरी गेली तरी चालेल, पण आपण खोटं बोललो नाही!

साहेबांनी भिंग धरलं. मग त्या जागी हलकेच नख लावलं. कागदाची एक पट्टी सुटून वर आली. नकाशा कधीतरी तिथं फाटला होता आणि कुणीतरी तो सुतभर वाकडा चिकटवला होता. पट्टी काढून कडा जुळवल्या, तशी भिंत साडेतीन फूट मागे सरकून सरळ रेषेत आली. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुरुस्ती केली.' खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख, आणि सही.

सही कुणाची, ते साहेबांनी विचारलं नाही. होकायंत्ररावांनी पण सांगितलं नाही. वकीलबाईंनी मात्र नाव मोठ्यानं वाचलं. सवयच ती.

लाईन दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला तिकडे दंतवैद्यांच्या वाफ्यात खरा हद्दीचा दगड मिळाला, आणि भिंत उलट दंतवैद्यांच्याच जागेत नऊ इंच आहे असं निघालं! आता त्यांना ते नऊ इंच परत हवेत आणि पोस्टमास्तरांना वजीर. दोघांनी रीतसर मोजणीचे अर्ज केले. फेरीतल्या लोकांनी घरी जाऊन आपापल्या भिंतींकडे संशयानं बघितलं. आठवडाभरात त्यांचेही सव्वीस अर्ज आले. कार्यालयाच्या इतिहासात असा हिवाळा झाला नव्हता. साहेब खूश झाले आणि त्यांनी होकायंत्ररावांना खुर्चीतून उठवून थेट मोजणी पथकात घातलं. रोज सकाळी सात वाजता, जागेवर हजर!

पहिल्याच सकाळी साडेसातला बायकोचा फोन वाजला.

"अगं, मी कुठे आहे?"

"मला काय माहीत! समोर काय दिसतंय?"

"भिंत."

"कुणाची?"

फोनवर वाजणारे दात ऐकू आले. मग होकायंत्रराव खालच्या आवाजात म्हणाले, "ते तेवढं मला विचारू नकोस!"