कॉफीच्या गाडीला रिव्हर्स नव्हता

नोकरी सोडून फिरत्या गाडीवर कॉफी विकायची, हा बेत भाऊसाहेबांनी बायकोला तोंडी सांगितला नाही. अठरा वर्षं ऑफिसच्या आवक-जावक विभागात काढलेला माणूस तो! त्यांनी बेत लेखी दिला, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच म्हणून सही मागितली. वहिनी भांडी घासत होत्या. ओल्या हातानेच त्यांनी सही ठोकली आणि पुढे महिनाभर त्या सहीला बोल लावला.

बेतात सगळं होतं, फक्त पैसे कमी होते. म्हणून गाडी जुनी घ्यायची ठरली. गॅरेजवाला सज्जन निघाला. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम, पण रिव्हर्स गिअर पडत नाही, आणि तो दुरुस्त करायचा तर आणखी एका गाडीचा खर्च, असं त्याने आधीच सांगून टाकलं. दुसरा कुणी असता तर हात जोडून घरी आला असता. भाऊसाहेबांना उलट आनंद झाला.

"मागं जायचंय कुणाला? पुन्हा त्या इमारतीचं तोंड बघणार नाही, असं सगळ्या ऑफिससमोर सांगून आलोय मी," ते म्हणाले.

वहिनींनी कपाळाला हात लावला, पण त्या बाईही कच्च्या नव्हत्या. भाऊसाहेब साठलेली रजा टाकून घरी बसले होते आणि राजीनामा महिनाअखेरच्या शुक्रवारी मंजूर व्हायचा होता. तोवर तो मागे घेता येत होता. वहिनींनी अट घातली : त्या शुक्रवारपर्यंत एका तरी दिवसात पन्नास कप विकून दाखवायचे, नाहीतर मुकाट्याने नोकरीवर परत जायचं. भाऊसाहेबांनी ही अटसुद्धा लेखी मागितली. वहिनींनी ती दिली आणि त्याच बैठकीत राजीनामा मागे घेण्याचा अर्ज लिहून आपल्या पर्समध्ये ठेवला.

मग सुरू झाली वरात. ज्या गाडीला मागे जाता येत नाही ती उभी कुठे करायची, हा विचार भाऊसाहेबांनी केलाच नव्हता. बाजाराजवळची चांगली जागा दोन गाड्यांच्या मधली, म्हणजे मागे घेतल्याशिवाय शिरता येत नाही. दवाखान्यासमोर जागा मिळाली, पण तिथून बाहेर पडायला वहिनींनाच गाडी मागे ढकलावी लागली. रोज वहिनी खाली उतरून पुढे चालायच्या, गल्ली पलीकडे निघते का ते बघायच्या आणि हात हलवायच्या, मग भाऊसाहेब गाडी पुढे घ्यायचे. त्यांच्या मैत्रिणींना वाटलं, वहिनींनी व्यायाम सुरू केला. तीन आठवड्यांतला विक्रम होता एकतीस कप, आणि त्यातले नऊ भाऊसाहेबांनी चव बघायला म्हणून स्वतःच घेतलेले.

अखेर तो शुक्रवार उगवला. सकाळीच मुख्य रस्ता खणलेला निघाला. पोलिसाने शिट्टी मारून डावीकडे हात केला. तिथून पुन्हा डावीकडे. मागे गाड्यांची रांग, त्यामुळे वहिनींना उतरून बघायला सवडच मिळाली नाही.

"अहो, ही गल्ली बंद दिसतेय."

"निघेल पुढून. सगळ्या गल्ल्या कुठंतरी निघतात," भाऊसाहेब म्हणाले.

ती गल्ली एका उंच भिंतीपाशी निघाली. गाडीचं नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं. भाऊसाहेबांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीच्या फुटलेल्या काचेला पुठ्ठा लावलेला होता. त्या काचेबद्दल त्यांनीच तीन वर्षांपूर्वी दोन प्रतींत तक्रार केली होती. अठरा वर्षं पुढच्या दाराने ये-जा केलेल्या माणसाने आपल्या ऑफिसची मागची बाजू आज पहिल्यांदा पाहिली.

खिडक्यांत डोकी दिसू लागली. भाऊसाहेब स्टिअरिंगखाली सरकले.

"मी नाहीये म्हणून सांग."

"गाडीवर हातभर अक्षरांत तुमचं नाव रंगवलंय," वहिनी म्हणाल्या.

पाच मिनिटांत निम्मं ऑफिस खाली आलं. मागे जायला गल्लीला चढ होता. सहा जणांनी गाडी मागे ढकलली, तशी आतली कॉफीची टाकी हिंदकळली आणि हिशेबनीसांचा शर्ट रंगला. ढकलणं थांबलं. पुढे काय करायचं यावर चर्चा सुरू झाली, आणि त्या ऑफिसात हातात कप असल्याशिवाय चर्चा होत नसे. कुणी म्हणालं, दोर आणा. कुणी म्हणालं, भिंत पाडा. वहिनी कॉफी ओतत राहिल्या. दुपारपर्यंत मार्ग सापडला नाही, पण एक्कावन्न कप खपले.

वहिनींनी पुन्हा मोजलं. एक्कावन्नच. महिनाभर त्या हा माणूस तोंडावर पडायची वाट बघत होत्या, आणि आता तो पडला नाही म्हणून त्यांना चक्क आनंद झाला. या आनंदाचा त्यांना फार राग आला.

तेवढ्यात मोठे साहेब स्वतः खाली आले.

"काय भाऊसाहेब, राजीनामा मागं घ्यायला आलात?"

वहिनींचा हात पर्सवर गेला. भाऊसाहेबांनी गाडीकडे बोट दाखवलं.

"नाही साहेब. गाडी निघत नाहीये."

साहेबांनी कप हातात घेतला, संपवला, दुसरा मागितला. मग म्हणाले, की आमचं कॉफीचं मशीन कधीचं बंद पडलंय, तेव्हा गाडी राहू द्या इथंच. फक्त ऑफिस दहाला भरतं, त्याआधी कॉफी तयार पाहिजे. वहिनींनी पर्समधला अर्ज काढला आणि फाडून टाकला.

गाडी अजून तिथेच आहे. चाकांतली हवा कधीच गेली. भाऊसाहेब रोज साडेआठला डबा घेऊन बसने निघतात, फाटकावर वहीत सही करतात आणि सहाला घरी येतात. कॉलनीत सांगतात, आता आपण कुणाचे नोकर नाही.

गेल्या मंगळवारी त्यांना वीस मिनिटं उशीर झाला आणि साहेबांनी लेखी खुलासा मागितला. संध्याकाळी भाऊसाहेब घरभर येरझाऱ्या घालत होते. हे कोण विचारणारे, मी मालक आहे माझ्या धंद्याचा, असं चांगलं तासभर चाललं. मग दमून खुर्चीत बसले आणि पेन शोधू लागले.

वहिनींनी दोन कोरे कागद आणि कार्बन त्यांच्यापुढे ठेवला.