शंकरनानांची होडी

आमच्या देवपुरातले शंकरनाना कुठेही बसण्याआधी खिशातून पाणसळ काढत. लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, आत पाणी आणि एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की नाना म्हणत, "बरं शे," आणि मग टेकत. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, पण पाणसळ काही सुटली नव्हती. एका लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवरदेवाला पाटावरून उतरवलं आणि पाटाखाली खापराचा तुकडा सरकवला. मुहूर्त टळेल म्हणून भटजी कासावीस. नाना शांत. "कलत्या पाटावर संसार उभा करू नये, भाऊ."

अशा माणसाने साठीला मासे धरण्यासाठी होडी घ्यायची ठरवली तेव्हा आळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नानांच्या घरात मासा कधी शिरला नव्हता. त्यांना पोहता येत नव्हतं. बायको भागाबाई वर्षापूर्वी तापाने गेली, त्यातून माणूस जरा सैल झाला असेल, असं लोक म्हणत. मी शेजारी राहणारा शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी नाना मला सोबत नेऊ लागले.

पहिली होडी शिंदखेड्याकडच्या तळ्यावर पाहिली. पत्र्याची, एकट्याला उचलता येईल अशी हलकी. नाना मागच्या टोकाला बसले, मधल्या फळीवर पाणसळ ठेवली. त्यांच्या वजनाने मागचं टोक दबलं, पुढचं वर आलं आणि बुडबुडा पुढे पळाला. "हाई नही चालणार," म्हणून ते उतरले. दुसरा खोडाचा डोंगा होता, तिसरी सपाट बुडाची, उथळ पाण्यातल्या गवतातही न अडकणारी. मला ती फार आवडली. नानांनी तीही नाकारली.

"नाना, एकटा माणूस मागे बसला की कुठलीही होडी कलणारच," मी म्हणालो. "मध्ये बसा, नाहीतर पुढे एखादा दगड ठेवा."

"तठे दगड कसा ठेवू, मास्तर?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

चौथी होडी पांझरा नदीच्या वरच्या अंगाला, एका बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात होती. सोमा भोयाची. जुनी, अरुंद, जेमतेम दोन माणसांची. भर दुपार होती. पानही हलत नव्हतं, एक पाखरू ओरडत नव्हतं. नाना मागे बसले, पाणसळ ठेवली, आणि सोमाने होडी लोटली.

होडी कलली नाही. मी काठावरून नीट पाहत होतो. मागचं टोक जेवढं पाण्यात, तेवढंच पुढचं. पुढची फळी रिकामी होती. नानांनी पाणसळीकडे पाहिलं, मग त्या फळीकडे, आणि हळूच काहीतरी बोलले. सोमाच्या हातातली बिडी तशीच जळत राहिली.

"पुढची फळी रिकामी असली की ही मागूनच दबते," तो मला म्हणाला. "आज काय झालं, माले समजत नही."

नानांनी मला हाक मारली. "या मास्तर. फक्त मध्ये बसा, पुढे नको."

मी नानांकडे तोंड करून बसलो. पाठीमागे राहिलेल्या त्या पुढच्या फळीकडे वळून पाहायचा धीर मला झाला नाही. पण ऊन असूनही पाठीला गारवा लागत होता, हे मी शपथेवर सांगेन. नाना गळ टाकून पाण्याकडे बघत बोलू लागले.

"ती तापीकाठची. तिच्या माहेरी रोज मासा. आमच्या घरात मनी माय, तिची सासू, भांडंसुद्धा बाटू देईना. सव्वीस वर्षं तिने तोंडातून शब्द काढला नही. एकदाच म्हणाली, मला होडीत बसवून फिरवा. मी म्हटलं, लोक हसतील."

तासाभराने एक मासा लागला. काठावर नानांनी तीन दगडांची चूल मांडली. नाकाला उपरणं गुंडाळून, डोळे बारीक करून त्यांनी तो भाजला. सोमा सांगू लागला तर म्हणाले, "नको, माले करू दे." मग पळसाच्या पानावर मासा ठेवला, पाण्याकडे तोंड करून बसले आणि त्यातले काटे वेचू लागले. उभ्या जन्मात माशाला हात न लावलेला माणूस. दोनदा काटा बोटात गेला, रक्त आलं. ते धोतराला पुसून पुन्हा वेचू लागले.

बऱ्याच वेळाने त्यांनी पान माझ्यापुढे धरलं.

"मास्तर, तुमची नजर चांगली. एखादा राहिला तर नही ना? ती घाईघाईने खाते."

मीही माशाला कधी शिवलो नव्हतो. मी बाह्या सारल्या आणि चिमूट चिमूट चाचपून पाहिलं. एक बारीक काटा सापडला. तो काढून टाकला आणि म्हणालो, "आता वाढा, नाना."